दरवाज्यातले दहा आकडे

"आधी बोटं दाखव."

अण्णांकडे गेलं की स्वागत असं व्हायचं. नाव नाही, गाव नाही, बस म्हणणं नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून ते तुमच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचे. तुम्ही गोंधळून पंजे पुढे केलेत की ते उलटसुलट करून तपासायचे, बाजारात भेंडी मोडून बघतात तसे. नखं वाढलेली दिसली तर टेबलाच्या खणातून नेलकटर काढून समोर ठेवायचे. मी पहिल्यांदा गेले ती कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवून, त्यांची चौकशी करायला. पाच मिनिटांनी मीच खाली मान घालून नखं कापत बसले होते.

अण्णांचं चामराजपेटेत टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात येऊन काही शतकं झाली होती, आणि हे ते अशा सुरात सांगत, की सहा वर्षांपूर्वी नागपूरहून आलेल्या माझ्यासारखीची ट्रंक अजून दारातच आहे असं वाटावं. मराठी घरातलं, हिशोब आणि शाळा कन्नडातली, परीक्षा इंग्रजीतली. गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. मला ते पुट्टी म्हणत. पुट्टी म्हणजे लहानगी. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि माझ्या हाताखाली चार माणसं होती, पण ते त्यांना सांगून काही उपयोग झाला नाही.

आता माझी चौकशी काय होती ते सांगते. मी जे. पी. नगरमधल्या एका गेम कंपनीत काम करते. आमचा खेळ ऑनलाइन आहे. एका वेळी हजारो लोक त्यात शिरून एकमेकांना मारतात आणि रात्रीचं जेवण झालं की पुन्हा येतात. त्यात नव्या खेळाडूंना मार्गदर्शन करण्याचा विभाग माझ्याकडे आहे. नवखा माणूस खेळात आला की तो एका किल्ल्यात उभा असतो. त्याला आम्ही चालणं, उडी मारणं आणि तलवार उगारणं अशा तीन गोष्टी शिकवतो. तीन बटणं दाबली की फटाके वाजतात आणि पडद्यावर सोनेरी कडांचा दाखला येतो: "अभिनंदन! आपण निपुण योद्धा आहात." मग हा निपुण योद्धा किल्ल्याच्या दरवाज्यातून बाहेर जंगलात धावत सुटतो आणि समोरच्या झुडपात दबा धरून बसलेला कुणीतरी जुना खेळाडू त्याला एका फटक्यात गार करतो.

या दाखल्यात आजवर कुणी नापास झालेलं नाही. तशी सोयच आम्ही ठेवलेली नाही. "सबको पास करो, यार," आमचे मॅनेजर म्हणत. "फेल होगा तो खेलेगा कौन?"

अशात एका खेळाडूची तक्रार आली. कंपनीनं मला निपुण योद्धा ठरवलं आहे, आणि तुमच्या किल्ल्यात 'प्रिन्सिपॉल' नावाचा एक म्हातारा फिरतो तो म्हणतो मी नापास. दोघांपैकी खरं कोण? सोबत एका कागदाचा फोटो जोडलेला होता. कागद टाइपरायटरवर टाइप केलेला, खाली शाईची सही, सहीवर गोल रबरी शिक्का. मजकूर असा, की सदर उमेदवार दरवाज्यात दहा आकडे उभा राहू शकला नाही, सबब त्याला ज्युनिअर परीक्षेत अनुत्तीर्ण घोषित करण्यात येत आहे, पुढील खेपेस शुभेच्छा. शिक्क्यात चामराजपेटेचा पत्ता होता. कंपनीत मराठी येणारी मी एकटीच, आणि आडनावावरून ते आमच्यातले वाटले, म्हणून मला धाडलं.

"तक्रार कुणाची, त्या घाईवाल्याची होय?" अण्णा म्हणाले. "चारला पळाला तो. सांगितलं होतं, स्वल्प थांब. ऐकला नाही."

स्वल्प थांब. म्हणजे जरासं थांब. हे त्यांचं पालुपद होतं. रिक्षावाल्याला, अक्कांना, दूध उतू जाताना दुधालासुद्धा ते "स्वल्प थांब" म्हणत.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांना टायपिंग शिकवलं होतं. ज्युनिअर, सीनिअर, दोन्ही परीक्षा. पुढे शिकायला येणारे कमी झाले, तेव्हा त्यांनी आठ टाइपरायटर काढून आठ कॉम्प्युटर बसवले, एक टाइपरायटर तेवढा स्वतःच्या टेबलावर ठेवला. मुलं टायपिंग म्हणून येत आणि मागच्या बाकावर आमचा खेळ खेळत. अण्णांनी रागावण्याआधी, सवयीनं, मागे उभं राहून बघितलं. मुलगा मरत होता. पुन्हा उठत होता, पुन्हा तिथेच मरत होता. अण्णांना त्यात ओळखीची चूक दिसली. नवा विद्यार्थी टायपिंगला बसतो तेव्हाही हेच करतो. अक्षर दिसायच्या आधी बोट मारतो.

मग त्यांनी स्वतः खेळायला सुरुवात केली आणि एक शोध लावला. आमच्या कंपनीत साठ माणसं तो खेळ बनवत होती, त्यातल्या कुणाच्या तो ध्यानात आला नव्हता. दरवाज्यात नुसतं दहा आकडे उभं राहायचं. "झुडपातला माणूस दहापर्यंत दम धरत नाही, पुट्टी," ते म्हणाले. "मारायला बसलेल्याला जास्त घाई. पाचला नाही तर आठला हलतो. ओंबत्तुला तर हलतोच. तू फक्त बघायचं." ओंबत्तु म्हणजे नऊ. आकडे ते कन्नडात मोजत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेले दिल्लीचे, गुवाहाटीचे खेळाडूही ओंदु, एरडु, मूरु करत हत्तुपर्यंत मोजत. हत्तु झाले की दरवाज्याबाहेर पाऊल.

एवढं सांगून थांबले असते तर त्यांना मार्गदर्शक म्हणता आलं असतं. पण त्यांनी परीक्षा ठेवली. ज्युनिअरला दरवाज्यात उभं राहणं. सीनिअरला उभं राहून दुसऱ्या नवख्याला थांबवणं. शिवाय बोटांना वेगळे गुण. तुम्हांला ठाऊक असेल, कॉम्प्युटरवर खेळणारे लोक डावी तीन बोटं A, W आणि D वर ठेवतात. अण्णांच्या लेखी ही सरळ गावठी पद्धत होती. करंगळी A वर, मग S, मग D, तर्जनी F वर. W दाबायचा तर अनामिकेनं दाबायचा आणि बोट लगेच घरी आणायचं. उमेदवारानं कीबोर्डवर ठेवलेल्या हाताचा फोटो पाठवावा लागे. चुकीच्या बोटांनी चार राक्षस मारलेल्या एका मुलाचे त्यांनी बारा गुण कापले होते.

मी अहवालात लिहिलं, की सदर व्यक्ती निरुपद्रवी आहे. आणि दर शनिवारी सकाळी चामराजपेटेत जायला लागले. का, ते विचाराल तर अक्कांची अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ हे एक कारण मी देत असे. दुसरं असं, की दिवसभर मी लोकांना पास करत होते, आणि त्यातल्या एकालाही काही येत नव्हतं. इथे एक माणूस लोकांना नापास करत होता, आणि ते पुन्हा येत होते.

माझीही परीक्षा झाली. मी हसत बसले. खेळ मी बनवलेला, दरवाजा माझ्या टीमनं काढलेला. एळुला, म्हणजे सातला, माझा फोन वाजला आणि बोट आपोआप दाबलं गेलं. झुडपातल्यानं मला तिथेच आडवं केलं.

"नापास," अण्णा म्हणाले आणि टाइपरायटरवर कागद चढवला.

"अण्णा, फोन आला म्हणून..."

"फोन सगळ्यांनाच येतात."

तो कागद माझ्याकडे आहे. पुन्हा परीक्षेला बसेन म्हणत म्हणत मी दोन वर्षं काढली.

मग ते परिपत्रक निघालं. झालं असं, की किल्ल्यात काही जुने खेळाडू मार्गदर्शकाचं सोंग आणून नवख्यांना शिव्या द्यायला लागले होते. तक्रारी वाढल्या. वर ठरलं, की यापुढे किल्ल्यात फक्त प्रमाणित मार्गदर्शकालाच लिहिता-बोलता येईल. बाकी सगळे मुके. प्रमाणित व्हायला परीक्षा. ती परीक्षा मी तयार केली. दीड मिनिटात आठ कसरती: वार चुकवणं, ढाल धरणं, A आणि W एकदम दाबून तिरकं पळणं, असलं सगळं. शिकवण्याबद्दल तीत एकही प्रश्न नव्हता. संधी तीन, कारण तीन हा आकडा सादरीकरणात चांगला दिसला. बटणांची मांडणी बदलायची नाही, हाही नियम माझाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अख्खी दुपार मला एकदाही अण्णा आठवले नाहीत, हे मला आजही सांगायला लाज वाटते.

ते आठवले शनिवारी, त्यांच्या दारात. अण्णांनी परिपत्रक छापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं आणि खाली पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "परीक्षा हवीच. कोणीही उठून मास्तर होतो." त्यांना खरोखर आनंद झाला होता. सोमवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते परीक्षेला बसले, आणि नापास झाले.

आठापैकी सात कसरती जमल्या. तिरकं पळणं जमेना. गावठी पद्धतीनं A आणि W एकदम दाबायला काहीच लागत नाही. पण शास्त्रोक्त पद्धतीत ते काम करंगळी आणि अनामिकेवर येतं, आणि त्यांची करंगळी बहात्तर वर्षांची होती. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा तेच. किल्ल्यात त्यांचं लिहिणं बंद व्हायला आठवडा उरला होता. त्यांच्याकडे तेव्हा नऊ विद्यार्थी होते.

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मी आतून करून देते. दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार नाही."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला. आज हातांकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पास न होता दाखला?"

"अहो, परीक्षाच चुकीची आहे. मीच काढली आहे, मला ठाऊक आहे."

"मग परीक्षा बदल. माझा निकाल बदलू नको."

मी परीक्षा बदलायला गेले. मॅनेजरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "एक अंकल के लिए?" मी म्हटलं, एका अंकलसाठी नाही, शिकवता येणाऱ्या सगळ्यांसाठी. ते म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू. आमच्याकडे पुढची तिमाही म्हणजे कधीच नाही, एवढं मला कळत होतं. भांडले असते तर कदाचित झालंही असतं. मी भांडले नाही.

उरला उपाय एकच. त्यांनी बोटं बदलायची. शेवटच्या शनिवारी मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "अण्णा, आधी बोटं दाखवा." अक्का स्वयंपाकघरातून हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं डावा हात पुढे केला. मी त्यांची करंगळी A वरून उचलली, अनामिका तिथे ठेवली, मधलं बोट W वर, तर्जनी D वर. चाळीस वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी पोरांना उठवून परत बसवलं, ती चूक मी त्यांना शिकवत होते. आणि ते शिकत होते. तासभर. आज्ञाधारक मुलासारखे.

"सरी," अखेर ते म्हणाले. म्हणजे ठीक. "लाव."

पहिल्या सहा कसरती फटाफट झाल्या. सातवीच्या अखेरीस, तिरकं पळण्याच्या आठवीच्या तोंडावर, मला दिसलं, की त्यांची करंगळी हळूच, त्यांना न विचारता, घरी निघाली आहे. ती A वर येऊन बसली. अनामिका आधीच तिथे होती. दोन बोटं एका बटणावर आणि W मोकळं. वेळ संपली.

अण्णा उठले, टाइपरायटरवर कागद चढवला आणि स्वतःचा निकाल टाइप केला. सदर उमेदवार तिसऱ्या खेपेसही अनुत्तीर्ण. "पुढील खेपेस शुभेच्छा" हे वाक्य गाळलं. सही केली, शिक्का मारला आणि कागद मला दिला. "ऑफिसात लाव," म्हणाले. "नियमाप्रमाणे झालं."

"अण्णा, माझी चूक..."

"जेवून जा," ते म्हणाले.

मी जेवले.

तुम्हांला वाटेल, त्यांनी खेळणं सोडलं असेल. मलाही वाटलं होतं. दोन आठवड्यांनी मी किल्ल्यात डोकावले तर 'प्रिन्सिपॉल' दरवाज्यात उभे. मुके. लिहिता येत नाही, बोलता येत नाही, डोक्यावर मार्गदर्शकाची खूण नाही. ते नुसते उभे होते. दहा आकडे झाले की एक पाऊल बाहेर टाकत, झुडपातल्याला चुकवत, वळसा घालून पुन्हा किल्ल्यात येत आणि पुन्हा दरवाज्यात उभे राहत. त्यांच्या बाजूनं निपुण योद्धे धावत जात होते आणि मरत होते. मेलेला पुन्हा किल्ल्यात उठे, पुन्हा धावे, पुन्हा मरे. पाच-सहा वेळा मेल्यावर एखादा थबके. हा म्हातारा मरत का नाही, म्हणून बघत राही. मग त्यांच्या शेजारी येऊन उभा राही.

मी फोन केला. "अण्णा, हे काय चाललंय?"

"काही नाही. उभा राहतोय. उभं राहायला दाखला लागतो काय?"

"नाही."

"मग सरी."

सकाळी नऊ ते बारा, इन्स्टिट्यूटच्या जुन्या वेळेत, ते रोज उभे राहत. अक्कांनी मला सांगितलं, की मध्ये चहासुद्धा घेत नाहीत. वर्गात मास्तरानं चहा घेऊ नये म्हणून. असं वर्षभर चाललं.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आजार मोठा नव्हता, वेळही लावला नाही. आयुष्यात एकदाच त्यांनी घाई केली. मी पोचले तेव्हा आठ कॉम्प्युटरांवर कापडी आवरणं घातलेली होती. अक्का आता लेकीकडे आनेकलला असतात. इन्स्टिट्यूटच्या जागेत मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान झालं आहे, आणि तिथल्या माणसाला अण्णांबद्दल काही ठाऊक नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण गेल्या महिन्यात ऑफिसात एक बैठक झाली. आकडे बघणाऱ्या मुलीनं पडद्यावर आलेख लावला. नवे खेळाडू दाखला मिळाल्यावर थेट बाहेर पडायला हवेत, ती म्हणाली, पण त्यांतले पुष्कळ जण दरवाज्यात नुसते उभे असतात. साधारण दहा सेकंद. काहीच करत नाहीत.

"लोडिंग का बग है," मॅनेजर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ठीक करवा दो. दरवाजे पे आते ही बाहर धकेल दो."

मी प्रोग्राम तपासला. त्यात काही बिघाड नव्हता. मग दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी एक नवं नाव घेऊन किल्ल्यात शिरले. तीन बटणं दाबली. फटाके वाजले, मी निपुण योद्धा झाले. दरवाज्याशी गेले.

तिथे सात-आठ जण उभे होते. ओळीत, गप्प, समोरच्या झुडपाकडे तोंड करून. मागून एक नवखा धावत आला, बाहेर गेला आणि मेला. किल्ल्यात उठून पुन्हा धावत आला, आणि या सगळ्यांना बघून थबकला. मग ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पहिले गेले, मागचे पुढे सरकले, नवे येऊन उभे राहिले. यांतल्या एकानंही प्रिन्सिपॉलना पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी आधीच्या कुणाला तरी उभं असलेलं पाहिलं होतं, आणि त्यानं त्याच्या आधीच्याला. मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं डबा खाता खाता विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मेले रे आत्ताच. त्यानं समजुतीनं मान हलवली.

बिघाडाच्या नोंदीत मी लिहिलं: तपासलं, बिघाड नाही, दरवाज्याला हात लावू नये. खाली स्वतःचं नाव घातलं. मॅनेजर संध्याकाळी विचारणार होते, आणि या वेळी भांडायचं हे माझं ठरलं होतं.

मग मी डावा हात कीबोर्डवर ठेवला. करंगळी A वर, मग S, मग D, तर्जनी F वर. ओळीच्या टोकाला, त्या नवख्याच्या शेजारी, उभी राहिले. ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु. एळुला नेमका फोन वाजला. मी वाजू दिला. ओंबत्तुला समोरचं झुडूप हललं.

हत्तु.

मी पाऊल बाहेर टाकलं आणि जिवंत राहिले. निकाल सांगायला कुणी नव्हतं, म्हणून वळसा घालून किल्ल्यात आले आणि पुन्हा दरवाज्यात उभी राहिले.